मुक्या सोपानाचा आवाज

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मालगाडीशी भांडत होते.

लोणावळ्यात माझा साउंडचा धंदा आहे. लग्न, हळद, जत्रा, सभा, कुठंही स्पीकर आणि माईक लावून देतो. त्या दिवशी खंडाळ्याला कड्यावरच्या एका बंगल्यात वाढदिवस होता. सकाळी टेम्पोतून स्पीकर उतरवत होतो, तर शेजारच्या बंगल्याच्या कुंपणापाशी एक उंच, सडपातळ गृहस्थ गळ्याला मफलर गुंडाळून दरीकडं तोंड करून उभे. खालून घाट चढणारी मालगाडी धापा टाकत येत होती आणि हे तिच्यावर ओरडत होते. शिव्या नव्हत्या. स्वच्छ, जड मराठी होतं. "न्यायदेवते, तुझ्या डोळ्यांवरची पट्टी आता माझ्या हाती दे!" गाडीचा आवाज वाढला तसा त्यांचाही वाढला. शेवटचा डबा बोगद्यात शिरल्यावर त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि मला विचारलं, "तुम्हाला शेवटचं वाक्य ऐकू आलं?"

"आलं की."

"म्हणजे आज मी जिंकलो. काल डिझेलचे टँकर होते, त्यांनी हरवलं."

तेवढ्यात मी त्यांचा चेहरा नीट पाहिला आणि स्पीकर माझ्या हातातून निसटता निसटता राहिला. "अहो, तुम्ही... सोपान!"

त्यांचा चेहरा असा पडला, की मालगाडी परत मागं आली असती तरी इतका पडला नसता.

सोपान माहीत नाही असं घर तेव्हा मावळात नव्हतं. रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेत तो डॉक्टरांच्या घरातला मुका गडी होता. घरात कटकारस्थानं, मृत्युपत्रं, हरवलेल्या मुली, सगळं चालायचं. सोपानला सगळं ठाऊक असायचं आणि सांगता काहीच यायचं नाही. कुणी रडायला लागलं, की तो खांद्यावरचा पंचा सावरायचा आणि छातीवर दोनदा हात थोपटायचा. म्हणजे, मी आहे. एवढंच. माझी आई सख्ख्या भावाच्या आजारपणात रडली नाही तेवढी त्या थोपटण्यावर रडली होती.

आता ज्यांना सगळा महाराष्ट्र मुका समजत होता, त्या सरांइतका बोलणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. (मी त्यांना सर म्हणायचो. ते मला 'ध्वनी' म्हणायचे. "या ध्वनी, बसा ध्वनी." माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.) नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ते अनुस्वाराचा उच्चार समजावून सांगायचे. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या चहावाल्याकडचा चहा त्यांनी सोडला होता, आणि तो 'पाणी' म्हणायला लागल्यावर त्याला मिठी मारली होती. लोणावळ्यात राहून चिक्कीला त्यांनी दात लावला नाही. "दात गेला की 'स' गेला. 'स' गेला की नट गेला." लग्न का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "विचारायला गेलो होतो. प्रस्तावना लांबली. तोवर तिची बस आली."

मालिका त्यांनी का सोडली, ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. रोज एक ट्रे घेऊन उभं राहायचं, आणि आजूबाजूला ज्यांना 'श' आणि 'ष' यांतला फरक कळत नाही अशा पोरापोरींनी पानंच्या पानं बोलायची. सरांनी लेखकाकडं एक वाक्य मागितलं. एकच. लेखक म्हणाला, "सर, तुमचं मौन हेच तुमचं वाक्य आहे." शेवटी सोपानचं ऑपरेशन होऊन त्याला वाचा येणार असं ठरलं, जाहिरातही लागली. आणि फोन सुरू झाले. बायाबापड्या, पेन्शनर, शाळेतल्या बाई, सगळ्यांचं एकच म्हणणं. आमच्या सोपानला बोलायला लावू नका. ऑपरेशन रद्द झालं.

पुढच्याच आठवड्यात घरातल्या भांडणाचा मोठा प्रसंग होता. सगळं कुटुंब एकमेकांवर ओरडतंय, सर मधोमध चहाचा ट्रे घेऊन उभे. आणि ते एकदम म्हणाले, "अहो, चहा निवतोय!"

दिग्दर्शकानं कट म्हटलं. पुन्हा घेतलं. पुन्हा सर म्हणाले, "अहो, चहा निवतोय!" तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी ट्रे खाली ठेवला, पंचा घडी करून ट्रेवर ठेवला आणि चालत स्टुडिओबाहेर आले. मालिकेत सोपान चारधामला गेला असं दाखवलं आणि परत आलाच नाही. मालिकाही पुढं बंद पडली.

त्यामुळं एक भलतीच पंचाईत झाली. लोकांच्या हिशेबी सोपान अजून यात्रेतच होता. सर बाजारात दिसले की म्हाताऱ्या आडव्या यायच्या, "आलास व्हय रं बाबा? परसाद कुटाय?" सुरुवातीला सर थांबून त्यांना नट आणि भूमिका यांतला फरक समजावून सांगायचे. म्हाताऱ्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि हात पुढंच धरून ठेवायच्या. शेवटी सर खिशात खडीसाखर बाळगायला लागले.

खंडाळ्याचा बंगला त्यांच्या एका जुन्या मित्राचा. मित्र परदेशात. बंगल्यावर लक्ष ठेवायचं आणि राहायचं, असा करार. लक्ष ठेवायचं म्हणजे झाडांना पाणी घालायचं, फाटक रंगवायचं. पर्यटकांच्या गाड्या थांबायच्या, आतून माना बाहेर यायच्या. "अगं बघ, सोपान! हा खरंच गडी आहे!" मग छातीवर थोपटून फोटो. एका बाईंनी तर हातात रिकामी बाटली दिली, पाणी भरून आण म्हणून. सरांनी भरून आणली. मला म्हणाले, "काय करणार ध्वनी, बाई 'पाणी' फार छान म्हणाल्या."

कामं यायची, पण सगळी मुकी. एका चिक्कीवाल्याला जाहिरातीसाठी ते हवे होते. सरांनी त्याच्यासाठी स्वतः एक मजकूर लिहून नेला, गुळावर, शेंगदाण्यावर, सह्याद्रीवर. चिक्कीवाला म्हणाला, "सर, तुम्ही फक्त चिक्की खायची आणि छातीवर हात मारायचा." सर उठून आले. दाताचा प्रश्न होताच.

मग उर्से गावातल्या कबड्डीच्या सामन्यांचं उद्घाटन आलं. साउंड माझा होता. मंडळाचा अध्यक्ष, सगळे त्याला भाऊ म्हणायचे, मला मंडपामागं घेऊन गेला.

"हे बग, त्यांनी नारळ फोडायचा, छातीवर हात मारायचा आन् खाली बसायचं. माईक द्यायचा न्हाई."

"त्यांना सांगितलंय का?"

"तू सांग. तुजी वळख हाय."

मी सांगितलं. सर माझ्याकडं दयेनं बघत म्हणाले, "ध्वनी, मला माईक कधीपासून लागायला लागला?"

नारळ फुटला. लोकांनी छात्या थोपटल्या, शिट्ट्या मारल्या. आणि सरांनी दोन्ही हात पसरून, माईकशिवाय, भाषण सुरू केलं. "मातीशी नातं सांगणाऱ्या माझ्या मर्दांनो!" पार महामार्गाच्या टोलनाक्यावरच्या ट्रकवाल्यांनीही वळून बघितलं असेल. पण मैदानात सगळे गप्प झाले. पुढच्या रांगेतलं एक तान्हं पोर रडायला लागलं. मग एक आबा उठून ओरडले, "आरं, ह्यो बोलतोय!"

"बोलत न्हाई आबा," मागून कुणीतरी म्हणालं, "आवाज दुसऱ्याचा लावलाय. त्यो बगा साउंडवाला!"

सगळं मैदान माझ्याकडं वळलं. मी हात वर करून दाखवले, मिक्सर बंद असल्याचं दाखवलं. काही उपयोग झाला नाही. "बंद कर रं त्ये! खरा सोपान दाव!" अशी आरोळी उठली. सरांनी पसरलेले हात खाली घेतले. मग त्यांनी छातीवर दोनदा हात थोपटला आणि ते खाली बसले. मैदान आनंदानं नुसतं उसळलं.

परतताना टेम्पोत ते बराच वेळ बोलले नाहीत. हे इतकं विचित्र होतं, की मी दोनदा गाडी बाजूला घेऊन बरं वाटतंय ना विचारलं. कामशेत मागं पडल्यावर ते म्हणाले, "सगळं आयुष्य शब्द पाठ करत आलो, ध्वनी. आणि लोकांनी जीव लावला तो मी जे बोललो नाही त्याला. आता मी मरेन ना, तेव्हा पेपरात 'मूक अभिनयाचा बादशहा' असं छापतील. मला उठून दुरुस्त करताही येणार नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्याच सुमारास बुधीमावशी त्यांच्याकडं यायला लागली. डोंगरातल्या ठाकरवाडीची. कधी बंगल्यांमधला पाचोळा झाडायची, कधी रानभाजी, करवंदं विकायची. मालिका तिनं एका बंगल्यातल्या बाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून बघितली होती. मंगळवारी काम आटोपलं की ती सरांच्या पायरीवर यायची, टोपली बाजूला ठेवायची आणि बोलायला लागायची. सर शेजारी बसून ऐकायचे. तोंड मिटून! मी एकदा त्यांच्या मोबाईलचा स्पीकर नीट करून द्यायला गेलो, तर हे दृश्य बघून फाटकातच थांबलो. सरांचे ओठ हलत होते, गळ्याची घाटी वरखाली होत होती, पण आवाज नाही. नुसती मान डोलवत होते.

ती गेल्यावर मी विचारलं, "हे काय सर?"

"पहिल्या दिवशी मी तोंड उघडलंच होतं. पण त्याच्या आत ती म्हणाली, 'तूच बरा बाबा. तुला सांगितलं तर कुटं जात न्हाई.' आणि रडायलाच लागली. आता रडणाऱ्या बाईला मध्येच थांबवून सांगू, की मावशी, आपला गैरसमज झाला आहे?"

"काय सांगते एवढं?"

जगातली प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगणारे सर म्हणाले, "ते नाही सांगता येणार."

तिच्याकडूनच त्यांना आणखी एक बातमी कळली. दरीत सकाळी भूत ओरडतं म्हणे. वाडीतली माणसं त्या वाटेनं जायची बंद झाली होती. "मुंजा हाय," मावशीनं त्यांना बजावलं होतं. "लय शुद्ध बोलतो. तू तिकडं जाऊ नगं, तुला तर वराडताबी येनार न्हाई." हे मात्र सरांनी मला लगेच सांगितलं. 'लय शुद्ध' हे शब्द तीनतीनदा म्हणून दाखवले.

शेवटी सरांनी ठरवलं, की कुणी भूमिका देत नाही तर आपणच घ्यायची. त्यांनी स्वतः एकपात्री नाटक लिहिलं. नाव, 'आता मी बोलतो'. त्यात वकील तेच, आरोपी तेच, न्यायाधीश तेच आणि आरोपीची म्हातारी आईही तेच. लोणावळ्यातला एक लहानसा हॉल घेतला, साउंड माझा. माईक नको म्हणत होते, मीच आग्रहानं दिला. पोस्टरवर मी त्यांना न विचारता खाली 'तुमचा लाडका सोपान' असं टाकलं. ते चिडले, पण त्यामुळंच माणसं आली.

नाटक वाईट होतं. वकील फार वेळ बोलायचा, आणि त्याला उत्तर द्यायला न्यायाधीश त्याहून जास्त बोलायचा. माणसं 'सोपान कधी येणार' म्हणून वाट बघत होती. काही जण वडापाव खायला बाहेर गेले, ते तिकडचेच झाले. सर मात्र रंगात होते. "न्यायदेवते!" अशी आरोळी ठोकली आणि तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. बुधीमावशी आली. डोक्यावर टोपली, पायांत चिखल. सरळ पुढच्या रांगेत येऊन बसली.

सरांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

मला वाटलं माईक गेला. मी आवाज वाढवला तर माईकनं शिट्टी मारली. सर तोंड मिटून उभे. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला. मी खाली वाकून वायर तपासायला लागलो. तेवढ्यात मावशीच मोठ्यानं म्हणाली,

"थांबलास का? बोल की! भाईरून आयकत आले मी."

सर एक पाऊल मागं सरकले.

"मला वाटलं, दरीतला मुंजा हितं आला! म्हंजी त्यो मुंजा तूच व्हय रं मेल्या?"

हॉलमध्ये जो हशा उठला, तसा त्या नाटकात तोवर एकदाही उठला नव्हता. पण मावशी हसत नव्हती. ती उभी राहिली.

"तुला बोलता येतंय. आन् मी समदं सांगत बसले तुला." तिचा आवाज एकदम खाली आला. "शेळीचं कुनाला सांगितलंस?"

"कुठली शेळी?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

सर मंचाच्या कडेशी आले. त्यांनी माईक बाजूला ठेवला. "कुठली शेळी?" तेही म्हणाले. "मला कुठल्या शेळीचं काहीच माहीत नाही."

इतकी वर्षं त्यांची कामं बघतोय, पण इतकं खरं वाटणारं खोटं मी त्यांच्या तोंडून दुसरं ऐकलं नाही. अख्ख्या हॉलचा विश्वास बसला. फक्त मावशीचा बसला नाही.

"मीच सांगितली न्हवं का तुला! माज्या आयची शेळी!" आणि मग तिनं सगळ्यांसमोर, कंबरेवर हात ठेवून, ते सांगूनच टाकलं. आई जाताना म्हणाली होती, शेळी आंबीला दे. आंबी म्हणजे धाकटी बहीण, पलीकडच्या वाडीत दिलेली. ते ऐकायला बुधीशिवाय कुणी नव्हतं. बुधीनं शेळी ठेवून घेतली. आंबीला कळलंय की काय या भीतीनं तिच्या घरी जाणं सोडलं, मग बोलणं सोडलं. शेळीला करडं झाली, करडांना करडं झाली, आणि बहिणी म्हाताऱ्या झाल्या.

"दर मंगळवारी इचारते मी तुला, काय करू म्हून. मान हलवत बसतोस नुस्ता. आता बोलता येतंय ना? मंग सांग!"

सर मंचाच्या कडेवर बसले. पाय खाली सोडून, पायरीवर बसायचे तसे. वकिलाचा आवाज नव्हता, न्यायाधीशाचा नव्हता. मला मिक्सरवरून कान द्यावा लागला इतका साधा आवाज.

"मावशी, शेळी द्यायला पाहिजे होती."

"व्हय," मावशी म्हणाली.

"पण त्यापेक्षा जायला पाहिजे होतं तुम्ही. अजून जाता येईल."

"ती बोलंल का माज्याशी?"

"ते मला माहीत नाही."

मावशी खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. "येवडं सांगायला इतके दिस लावलेस," ती म्हणाली. मग टोपली उचलली. "ऐतवारी येते. तू संगं चल. तितं माज्या तोंडातून शबुद फुटनार न्हाई, तू बोल."

नाटक पुढं झालं नाही. सरांनी वाकून नमस्कार केला आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. ते फिरत फिरत मुंबईत पोचलं, आणि सरांना काम आलं. आता एका मालिकेत ते वकील आहेत. इतकं बोलतात, की लेखकानं त्यांच्या समोरच्या वकिलाला सर्दी लावून दिली आहे. बुधीमावशी बघते आणि म्हणते, "ह्यात लय बोलतोय. पयला बरा हुता." सर हे सगळ्यांना सांगत फिरतात.

पण मला त्यांची आठवण येते ती त्या रविवारची. माझ्या टेम्पोत पुढं सर आणि मावशी, मागं एक करडू. त्या जुन्या शेळीच्या वंशातलं. सर वाटभर तालीम करत होते. "आंबीमावशी, काळाच्या ओघात माणसाकडून काही प्रमाद घडतात." मागून करडू प्रत्येक वाक्याला ओरडत होतं. "प्रमाद म्हंजी?" मावशीनं विचारलं. "चूक." "मंग चूक म्हन की!" सरांनी तेवढी दुरुस्ती केली. त्यांनी कुणाची दुरुस्ती स्वीकारलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

आंबीचं घर वाडीच्या टोकाला होतं. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. सरांनी मफलर सारखा केला, घसा साफ केला, एक पाऊल पुढं टाकलं, आणि श्वास घेतला.

"आयची शेळी तुजी हुती," बुधीमावशी म्हणाली. "मी ठेवली."

आंबीनं सूप खाली ठेवलं. "ठावं हाय. आयनं मलाबी सांगितलं हुतं, आदल्या दिशी."

"मंग इतकी वरसं बोलली का न्हाईस?"

"तू कवा बोलतीस त्ये बगत हुते."

सर तसेच उभे. श्वास आत घेतलेला, हात अर्धा वर. बुधीमावशी जाऊन बहिणीच्या शेजारी बसली, आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या. कुणाचं लग्न झालं, कोण गेलं, कुणाची सून कशी, कुठल्या करडाला काय झालं. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू. दुपार झाली. आंबीच्या सुनेनं आम्हाला चहा दिला, मग भाकरी दिली. सरांनी दोनतीनदा तोंड उघडलं, एकदा तर "आंबीमावशी" एवढं म्हणालेसुद्धा. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी मफलर काढून गुडघ्यावर ठेवला, भिंतीला पाठ टेकली आणि ऐकत बसले.

ऊन उतरायला लागल्यावर आंबीचं लक्ष त्यांच्याकडं गेलं.

"ह्यो कोन गं? सकाळधरनं बसलाय, बोलत कसा न्हाई?"

"बोलतो की," बुधीमावशी म्हणाली. "चांगला बोलतो. पन आता त्याला बोलू नगं देऊ, लय येळ लागतो."

सर इतके मोठ्यानं हसले, की दारात बांधलेलं करडू दावं तोडून पळालं, आणि ते धरायला आम्हा सगळ्यांना डोंगरभर धावावं लागलं.